बोरगावचे पाणी कुठे जाते?

नागपूरहून छिंदवाड्याकडे निघाले की सावनेरनंतर राज्याची सीमा लागते आणि सौंसरच्या अलीकडे बोरगाव येते. रस्त्याच्या कडेने औद्योगिक क्षेत्र, त्यापलीकडे कापूस, तूर आणि संत्र्याच्या बागा. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसर-पांढुर्ण्याचा हा मराठी मुलूख मध्यप्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. माणसांचे हिशेब असे बदलत गेले. पाण्याचा हिशेब मात्र बदललेला नाही. बोरगावच्या पत्र्यावर, बागेत किंवा कारखान्याच्या आवारात पडलेला पाऊस पूर्वीही कन्हानकडे जात होता, आजही तिकडेच जातो. तो कोणत्या वाटेने जातो, वाटेत त्याचे काय होते आणि त्याची प्रकृती कशी ओळखायची, हे समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

पाणलोट म्हणजे काय?

'पाणलोट' हा शब्द आपण सरकारी योजनांच्या फलकांवर इतका वाचला आहे की त्यातली क्रिया विसरून गेलो. पाणी ज्या उतारावरून लोटत येऊन एका प्रवाहाला मिळते तो सगळा भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचा पाणलोट. मध्यप्रदेशात त्यालाच 'जलग्रहण क्षेत्र' म्हणतात. दोन्ही शब्द एकाच गोष्टीकडे दोन बाजूंनी पाहतात. मराठी शब्द वरून खाली येणारे पाणी पाहतो, हिंदी शब्द ते पाणी झेलणारी जमीन पाहतो. शिक्षकांनी वर्गात दोन्ही शब्द शेजारी लिहून दाखवावेत. मुलांना संकल्पना अर्धी तिथेच कळते.

पाणलोटाची पहिली खूण दुभाजक. पांढुर्ण्याच्या पश्चिमेला बैतूल जिल्ह्यात मुलताईचे पठार आहे. तिथून तापी पश्चिमेकडे निघते आणि सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. त्याच परिसरातून वर्धा निघते आणि दक्षिण-पूर्वेला वळते. एकाच सरीचे दोन थेंब थोड्या अंतरावर पडले तर एक अरबी समुद्राला आणि दुसरा बंगालच्या उपसागराला जाऊ शकतो. पांढुर्ण्यातून वाहणारी जाम नदी मात्र कन्हानच्या कुटुंबातली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये हिच्याच पात्रात गोटमार होते, म्हणून तिचे नाव दूरवर माहीत आहे. वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तिची वार्ता कोणी विचारत नाही.

कन्हान सातपुड्यात, छिंदवाडा जिल्ह्याच्या डोंगराळ भागात उगम पावते. तिच्या वरच्या अंगाला पेंच-कन्हानचा कोळसापट्टा आहे. खाली सौंसरच्या बाजूला काळी माती आणि तिच्यातच डोकावणारे फार जुने रूपांतरित खडक आहेत. भूशास्त्राच्या पुस्तकांत या खडकांना 'सौंसर समूह' असेच नाव आहे आणि मध्य भारतातले मँगनीज त्यांच्यातच सापडते. म्हणजे नदी आपल्या अंगणात येण्याआधीच खडक, खाणी, जंगल आणि शेती यांचा थोडाथोडा अंश घेऊन येते. पाणी शुद्ध असते ते ढगात. जमिनीला स्पर्श झाला की ते त्या जमिनीचे होते.

पुढची वाट अशी. कन्हान नागपूर जिल्ह्यात शिरते. खाप्याजवळून वाहत तिला कोलार मिळते, कामठीच्या परिसरात बिना येथे पेंच मिळते. नागपूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग पेंच आणि कन्हान या दोन नद्यांतून येतो. त्याच शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी पुढे कन्हानलाच येऊन मिळते. त्यानंतर कन्हान अंभोरा येथे वैनगंगेत विलीन होते. त्याखाली पवनीजवळ गोसीखुर्दचे मोठे धरण आहे. वैनगंगा आणि वर्धा एकत्र आल्या की प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला जाऊन मिळते. मुलताईच्या पठारावर वर्धेच्या वाट्याला गेलेला थेंब आणि पांढुर्ण्याला जामच्या वाट्याला आलेला थेंब असे शेवटी पुन्हा भेटतात.

अंभोऱ्याचे नाव मराठीच्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधू' शके १११० म्हणजे इ. स. ११८८ मध्ये रचला गेला असे मानले जाते. तो अंभोऱ्याला लिहिला गेला की मराठवाड्यातल्या आंबेजोगाईला, हा वाद अभ्यासकांत जुना आहे. विदर्भाची परंपरा अंभोऱ्याच्या बाजूने बोलते. ती ग्राह्य मानली तर मराठीच्या एका आद्य ग्रंथाच्या काठावर जे पाणी पोचते, त्यात बोरगावचाही वाटा आहे. तो वाटा कसा आहे, हा प्रश्न मग केवळ प्रदूषण मंडळाचा राहत नाही.

पाणथळ काय करते?

दुसरा शब्द 'पाणथळ'. वर्षातला काही काळ तरी जिथे पाणी साचून राहते किंवा जमीन ओलीचिंब असते, अशी जागा. नदीकाठचा सखल पट्टा, पुरानंतर उरलेले डबके, नाल्याच्या वळणावरचा लव्हाळ्याचा ठाव, गावतलावाची उथळ कड, उन्हाळ्यातही न आटणारा डोह, हे सगळे त्यात येते. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी पाणथळींविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. म्हणून ती तारीख जागतिक पाणथळ दिन म्हणून पाळतात. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला.

पाणथळीचे काम समजायला एक साधा प्रयोग पुरतो. काचेच्या भांड्यात गढूळ पाणी घेऊन ढवळत राहा, ते गढूळच राहील. ढवळणे थांबवा, तासाभरात तळाशी गाळ बसू लागेल. पाणथळ हेच करते, ती पाण्याला थांबवते. लव्हाळा आणि पाणकणीस यांच्या दाट काड्यांतून जाताना प्रवाहाचा वेग मोडतो आणि मातीचे कण खाली बसतात. खतातला फॉस्फरस बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून येतो, तोही त्यांच्याबरोबर खाली जातो.

नायट्रेटचे तसे नाही. ते पाण्यात पूर्ण विरघळते, गाळाबरोबर बसत नाही. त्याची विल्हेवाट चिखलात लागते. पाण्याखालच्या चिखलात प्राणवायू नसतो. तिथले काही जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायुरूपाने हवेत सोडून देतात. आपल्या हवेचा जवळजवळ चार पंचमांश भाग नायट्रोजनच आहे, तेव्हा त्याने काही बिघडत नाही. ज्या काळ्या, वास मारणाऱ्या चिखलाला आपण घाण म्हणतो, तो हे काम रात्रंदिवस करत असतो. बागेतला युरिया नाल्याने थेट नदीत गेला तर नायट्रेट नदीत जाते. वाटेत ओला पट्टा असेल तर त्यातला बराच भाग हवेत जातो.

याशिवाय पाणथळ पुराचे पाणी काही काळ धरून ठेवते आणि पावसाळा संपल्यावर ते हळूहळू नाल्याला परत देते. मासे आणि बेडूक यांची पिल्ले तिथे वाढतात. टिबुकली, वारकरी, ढोकरी, खंड्या यांना तिथे खाद्य मिळते. पाणी ओसरले की त्या गाळावर पूर्वी पीक घेत, त्याला 'गाळपेर' असा सुंदर शब्द आहे.

पाणथळीच्या शक्तीला मर्यादा आहे, हेही सांगितले पाहिजे. जड धातू तिथे अडकतात पण नष्ट होत नाहीत, गाळात साठून राहतात. रंगद्रव्ये आणि क्षार यांच्यावर तिचा फारसा इलाज चालत नाही. सांडपाणी सोडायची फुकटची जागा म्हणून तिच्याकडे पाहिले तर ती भरून जाते, मग तिच्यातूनच घाण बाहेर पडू लागते. पाणी जलकुंभीने झाकले गेले, काठ बेशरमच्या झुडपांनी भरला, की ओळखावे की तिला झेपेल त्यापेक्षा जास्त खाऊ घातले आहे.

पाण्याची नाडी

पाणी चांगले की वाईट, हे एका आकड्यात सांगता येत नाही. पण चार-पाच मोजमापांतून चित्र स्पष्ट होते.

पहिले मोजमाप विरघळलेल्या प्राणवायूचे. थंड पाण्यात तो जास्त मावतो, गरम पाण्यात कमी. वीस अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, तर तीस अंशाला साडेसात. म्हणजे वैशाखातल्या नदीची मूळ पुंजीच कमी असते. हे मोजमाप कोणत्या वेळी घेतले तेही पाहावे लागते. शेवाळाने हिरवे झालेले पाणी दुपारी उन्हात भरपूर प्राणवायू तयार करते, रात्री तेच शेवाळ तो वापरून टाकते. पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडताना दिसतात ते यामुळे. दुपारी नमुना घेणाऱ्याला नदी निरोगी वाटेल, पहाटे घेणाऱ्याला आजारी.

दुसरे मोजमाप म्हणजे जैवरासायनिक प्राणवायू मागणी. पाण्यातली सडणारी घाण खाताना जिवाणूंना किती प्राणवायू लागेल, ते यातून कळते. घाण जितकी जास्त तितकी ही मागणी जास्त आणि माशांसाठी उरणारा प्राणवायू कमी. तिसरे कोलिफॉर्म जिवाणू, म्हणजे मैलपाण्याची खूण. चौथे नायट्रेट. भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त झाले तर तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. पाचवे सामू आणि विद्युतवाहकता. विरघळलेले क्षार वाढले की वाहकता वाढते, म्हणून कुठे काही वेगळे येऊन मिळाले आहे का, हे शोधायला हे स्वस्त आणि जलद साधन आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने वापरानुसार पाण्याचे पाच वर्ग ठरवले आहेत. आंघोळीच्या वर्गात प्राणवायू किमान ५ आणि जैवरासायनिक मागणी जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम हवी. नेहमीची प्रक्रिया करून पिता येईल अशा पाण्यात प्राणवायू किमान ४ हवा. मासे आणि वन्यजीवांसाठीही प्राणवायूचा किमान आकडा ४ आहे.

प्रयोगशाळा जवळ नसेल तर नदीकाठचे जीव साक्ष देतात. मरळ आणि मागूर हे मासे गरज पडल्यास वर येऊन हवेतला प्राणवायू घेऊ शकतात. जाळ्यात एकेकाळी नाना जातींचे मासे येत आणि आता फक्त हे दोनच उरले, असे कोणी म्हाताऱ्या भोयाने सांगितले, तर त्याने न मोजता प्राणवायूची मोजणीच सांगितली असे समजावे. दगडाखाली लपणाऱ्या पाणकिड्यांच्या अळ्या, काठावर चतुर आणि टाचण्या, पात्रात झिंगे, ही चांगली लक्षणे. तळाच्या चिखलात नुसते लाल किडे वळवळत असतील तर ते वाईट लक्षण.

नियम पाळूनही नदी का बिघडते?

या प्रश्नापाशी थोडे थांबायला हवे, कारण चर्चा बहुधा इथेच चुकते. नदी बिघडली की आपण नियम मोडणाऱ्याला शोधतो. तो असू शकतो आणि असेल तर १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात त्यावर उपाय आहे. पण कोणीच नियम मोडला नाही असे गृहीत धरून एक हिशेब करू.

नदीनाल्यात सोडायच्या प्रक्रिया केलेल्या पाण्याची जैवरासायनिक मागणी ३० मिलिग्रॅमपर्यंत चालते, असे सर्वसाधारण मानक आहे. समजा, नदीचे स्वतःचे पाणी उत्तम आहे आणि त्याची मागणी अवघी १ आहे. नऊ बादल्या नदीचे पाणी आणि एक बादली प्रक्रिया केलेले पाणी एकत्र केले. एकूण भार झाला ९ अधिक ३०, म्हणजे ३९. दहा बादल्यांत तो वाटला तर मिश्रणाचा आकडा ३.९ येतो. आंघोळीची मर्यादा ३ आहे, ती ओलांडली. हाच हिशेब पुढे नेला तर एका बादलीमागे चौदा बादल्या स्वच्छ पाणी लागते, तेव्हा कुठे आकडा ३ च्या आत येतो.

श्रावणात नदीला चौदा पट पाणी असते, त्यापेक्षा कितीतरी जास्त असते. एप्रिल-मे महिन्यांत ते कुठून आणायचे? मानकामागे वाहती नदी गृहीत धरलेली आहे आणि आपल्याकडे नदी वर्षातले काही महिनेच भरून वाहते. म्हणून पाण्याची गुणवत्ता आणि पाण्याचे प्रमाण हे दोन वेगळे विषय नाहीत. विहिरीखाली कूपनलिका, कूपनलिकेखाली आणखी खोल कूपनलिका, अशी ओढ लागली की उन्हाळ्यात नाल्याला पाझरणारे भूजल थांबते. पलीकडे वरूड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा कोणत्या थराला गेला, ते सर्वांना माहीत आहे. आपल्या बागाही त्याच वाटेवर आहेत. नदीतली रेती उपसली की तिच्या पोटात साठणारे पाणीही जाते. कन्हानच्या रेतीला बांधकामात मोठी मागणी आहे. पण रेती म्हणजे नदीची गाळणी आणि टाकी दोन्ही. पूर्वी बायका पात्रात हातभर झिरा खणून नितळ पाणी भरत असत, ते या रेतीच्या जोरावर. सखल ओली जागा भरून घेतली की उन्हाळ्यासाठी थांबून राहणारे पाणीही गेले. या तिन्ही गोष्टींत कोणी नाल्यात काही सोडलेले नाही. तरीही चौदा बादल्यांपैकी काही बादल्या प्रत्येकाने उचलून नेल्या.

शहराचे मैलपाणी, शेताची खते, उद्योगाचे सांडपाणी या तिघांचा निवाडा करताना हा हिशेब समोर असावा. त्याने कोणी निर्दोष ठरत नाही. उलट, आपण ज्यांना निर्दोष समजत होतो तेही, म्हणजे आपणही, वाटेकरी ठरतो.

व्याख्येबाहेरचा तलाव

भाषेच्या अभ्यासकांनी लक्ष द्यावे असे एक ठिकाण कायद्यात आहे. रामसर कराराची व्याख्या उदार आहे. नैसर्गिक असो की मानवनिर्मित, कायमचे असो की हंगामी, पाणथळ ती पाणथळ. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाच्या काळचा, माणसाने बांधलेला. त्याच्यासह भोज पाणथळ क्षेत्राला २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. पण भारतात लागू असलेल्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी व्याख्येतून बरेच काही वगळले आहे. नदीचे पात्र वगळले, भातशेती वगळली आणि पिण्याचे पाणी, मत्स्यपालन, मीठ, करमणूक किंवा सिंचन यांसाठी मुद्दाम बांधलेले जलसाठेही वगळले. आपल्या भागातला गावतलाव बहुधा सिंचनासाठी किंवा पिण्यासाठी बांधलेला असतो. टिबुकलीला तो पाणथळ वाटतो, नियमाला वाटत नाही.

२०१७ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने उपग्रहाने नोंदलेल्या २,०१,५०३ पाणथळींना संरक्षण देण्याचे निर्देश दिले. ही यादी सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या जागांची आहे. सव्वादोन हेक्टर म्हणजे सुमारे साडेपाच एकर. नाल्याच्या वळणावरचा लव्हाळ्याचा ठाव अर्ध्या एकराचाही नसतो. तो यादीत येत नाही आणि सातबाऱ्यात किंवा खसऱ्यात त्याचे नाव पडीक असे लागले की भरून सपाट करण्यापासून त्याला वाचवणारे फारसे काही उरत नाही.

अशा लहान जागांचा दाखला आज दोनच ठिकाणी टिकून आहे, लोकांच्या आठवणीत आणि बोलीत. डोह, डबके, झिरा, थडी, बोडी, रपटा, गाळपेर यांतला प्रत्येक शब्द पाण्याचे एक वेगळे रूप सांगतो. पेंचवरच्या मोठ्या धरणाचे नावच तोतलाडोह आहे. डोह बुडाला, शब्द धरणाच्या नावात तरला. सौंसर-पांढुर्ण्याची मुले शाळेत 'आर्द्रभूमि' शिकतात, घरी आजी 'डोह' म्हणते. दोन्ही शब्द एकाच जागेचे आहेत हे कोणी सांगितले नाही, तर परीक्षेत आर्द्रभूमीचे महत्त्व लिहून आलेला मुलगा घरामागचा डोह भरताना पाहूनही काही ओळखणार नाही.

शाळेला काय करता येईल?

खर्च फारसा नाही. एका नाल्याची तीन ठिकाणे निवडावीत, गावाच्या वर, गावाजवळ आणि गावाच्या खाली. महिन्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तिथे जावे. पाण्याचा रंग, वास, तापमान, प्रवाह आहे की थांबला, दिसलेले पक्षी आणि किडे वहीत लिहावे. सामू आणि वाहकता मोजणारी खिशातली साधने मिळतात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाणी तपासण्याचे संच दिले जातात आणि ते वापरायला गावातल्या महिलांना शिकवले जाते. त्यांना शाळेत बोलवावे. वरच्या आणि खालच्या ठिकाणचा फरक हाच खरा धडा, कारण एकटा आकडा काही सिद्ध करत नाही. नाल्याला उतरताना मुलांसोबत मोठे माणूस हवेच आणि हात साबणाने धुणे हवेच.

त्याच वहीच्या उजव्या पानावर शब्द लिहावेत. या वळणाला गावात काय म्हणतात, या गवताला काय, हा मासा कोणत्या नावाने ओळखतात, इथे पूर्वी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असे. हे सांगणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. डाव्या पानावर आकडे, उजव्या पानावर बोली, आणि दोन्हींवर तारीख. पाच वर्षांनी असा दस्तऐवज प्रयोगशाळेपाशी नसेल आणि शब्दकोशातही नसेल. नाल्याच्या वळणावरची अर्ध्या एकराची जागा भरायला कोणी आले, तर ग्रामसभेत ठेवायला गावाजवळ निदान एक कागद असेल, ज्यावर त्या जागेचे नाव लिहिलेले आहे.